रोहण्याचा कोळसा

"मॅडम, रिपोर्ट आला," स्वरदा म्हणाली आणि दारातच उभी राहिली.

मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून मान वर न काढता म्हटलं, "ठेव टेबलावर." तिने ठेवला नाही. पाच वर्षं ही मुलगी माझ्याकडे पीएचडी करते आहे, आणि सांगितलेलं काम तिने केलं नाही असं कधी झालं नव्हतं. म्हणून मी वर पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला होता.

"तांबं निघालं," ती म्हणाली.

"किती?"

"दोन पूर्णांक तीन."

"पीपीएम ना, दहा लाखांत दोन? मग एवढं काय तोंड पाडायचं? तेवढं कुठूनही येतं. चमचा नीट धुतला नसशील."

"पीपीएम नाही मॅडम. टक्के."

मी कागद तिच्या हातातून ओढून घेतला. नागपूरच्या प्रयोगशाळेचा शिक्का, आमचा नमुना क्रमांक, खाली ओळीने धातूंची नावं. लोखंड नगण्य. निकेल नाही. पॅलेडियम नाही. तांबं, शेकडा दोन पूर्णांक तीन. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच होता.

मग मी स्वरदावर ओरडले. नमुना अदलाबदल झाला असेल, बाटली बिनधुतलेली असेल, लेबलं चुकली असतील, तुझं लक्ष नसतं, लग्नाची बोलणी चालली आहेत ना घरी! ही शेवटची गोष्ट मी खरोखर बोलले. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तीनदा पाठवला, मॅडम. हा तिसरा रिपोर्ट आहे. पहिले दोन तुम्हाला दाखवायची हिंमत झाली नाही."

आता या दोन टक्क्यांनी काय बिघडलं, ते सांगायला हवं. मी रसायनशास्त्राची प्राध्यापक, डॉ. मोहिनी ढगे. वर्ध्यातल्या एका कॉलेजात शिकवते. माझा विषय उत्प्रेरक. म्हणजे असा पदार्थ, की ज्याच्या अंगावर, अगदी वरच्या थरावर, दुसऱ्यांच्या क्रिया झटपट होतात आणि तो स्वतः मात्र होता तसा राहतो. लग्न जुळवून देणाऱ्या बाईसारखा. बहुतेक वेळा हे काम धातू करतात. प्लॅटिनम करतं, पॅलेडियम करतं, तांबं तर चांगलंच करतं. जगातली निम्मी रसायनशास्त्रज्ञ मंडळी 'धातूशिवाय हे काम कोण करेल' याच्या मागे लागलेली आहेत, कारण धातू महाग आणि पाण्यात उतरले तर विषारी. आणि अकरा वर्षांपूर्वी मी जगाला सांगितलं होतं, की रोहण्याची पऱ्हाटी करते.

पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड. उलंगवाडी झाली, शेवटचा कापूस वेचून झाला, की शेतात उभी राहते ती. लोक चुलीत घालतात नाहीतर जागेवर पेटवून देतात. आर्वी तालुक्यात रोहणा हे माझं माहेर. माझ्या वडिलांच्या शेतातली पऱ्हाटी तोडून, भांड्यात कोंडून, हवा न लागू देता मंद आचेवर तिचा कोळसा केला आणि तो चिमूटभर कोळसा पिवळ्याजर्द नायट्रोफेनॉलच्या द्रावणात टाकला, की दोन मिनिटांत पाणी स्वच्छ. कापडगिरण्यांच्या रंगीत पाण्यात असली रसायनं असतात, तेव्हा याचा उपयोग काय होता ते कळलं असेल. धातूचा अंशही नाही. तसा रिपोर्टच होता माझ्याकडे, २०१३ सालचा. परदेशातले लोक त्या कोळशाला 'रोहणा कार्बन' म्हणायला लागले. माझ्या गावाचं नाव जर्मन माणसाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मला रडू आलं होतं.

नऊ शोधनिबंध, तीन विद्यार्थ्यांच्या पदव्या, प्राध्यापकपद, दोन पुरस्कार. सगळं त्या कोळशावर उभं. आणि आता स्वरदाचा प्रबंध, ज्याच्या नावातच 'धातुविरहित' हा शब्द होता. तोंडी परीक्षा एप्रिलच्या दहा तारखेला. तिच्या शेवटच्या निबंधाच्या परीक्षकाने एक साधी अट घातली होती: धातूंच्या तपासणीचा जुना अहवाल नको, सध्याच्या कोळशाचा द्या. मी हसले होते. पाठव म्हटलं, त्याचंही समाधान होऊ दे.

तो आठवडा कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. कपाटात वर्षावर्षाच्या कोळशाच्या बरण्या होत्या. आम्ही सगळ्या तपासायला पाठवल्या. २०१५ ची, २०१८ ची, २०२१ ची. प्रत्येकीत तांबं. कुठे दीड टक्का, कुठे पावणेतीन. एकच बाटली स्वच्छ निघाली, पहिल्या वर्षाची पहिली छोटी बाटली. त्याच कोळशाचा तो जुना रिपोर्ट होता. आणि तोच कोळसा द्रावणात टाकून बघितला, तर पंचवीस मिनिटं झाली तरी पाणी पिवळंच. नुसता थोडा रंग शोषून घेतला, कुठल्याही कोळशाने घेतला असता तेवढा.

हे मला तेव्हाही माहीत होतं! पहिला कोळसा कामाचा नव्हता, दुसऱ्या खेपेचा अचानक वेड्यासारखा चालला. आमच्या प्रयोगशाळेतल्या भट्टीत केलेला कधीच चालला नाही, गावचाच चालला. मी त्याला कारण शोधून काढलं होतं. गावाकडची मंद धग, शेणामातीचं लिंपण, त्याने कोळशाच्या पृष्ठभागावर विशिष्ट कडा तयार होतात आणि त्या कडा काम करतात. त्या कडांवर मी अख्खा निबंध लिहिला. क्ष-किरणांच्या आलेखात एक बारीकसं शिखर दरवेळी दिसायचं, त्याला मी राखेतला क्षार म्हणून सोडून द्यायची. कोरियातल्या एका गटाने कळवलं होतं, की आम्हाला तुमचा परिणाम मिळत नाही. मी मोठ्या तोऱ्यात उत्तर दिलं, की तुमच्याकडे रोहण्याची धग कुठून येणार?

आता मला त्या उत्तराची इतकी लाज वाटते, की तो मेल पुन्हा उघडवत नाही.

पण तेव्हा लाज सुचली नाही, गुन्हेगार शोधणं सुचलं. प्रभाकरराव आमचे प्रयोगशाळा परिचर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. ते काचेची भांडी पितळेच्या परातीत निथळत ठेवायचे. मी त्यांना सगळ्या मुलांसमोर झापलं. ते एवढंच म्हणाले, "बाई, ती परात तुम्हीच दिली होती, दिवाळीत." परातीतल्या पाण्यात तांबं निघालं नाही. नळाच्या पाण्यात निघालं नाही. पिशव्यांत नाही, चमच्यांत नाही.

शनिवारी मी स्वरदाला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. म्हटलं, "हे बघ, प्रबंधाला जुना रिपोर्ट जोड. २०१३ चा. तो खोटा नाही. तोंडी परीक्षा होऊन जाऊ दे, मग आपण शांतपणे शोधू."

तिचे वडील हिंगणघाटला शाळामास्तर आहेत, दर महिन्याला फोन करून विचारतात, माझ्या मुलीचं कधी होतंय. मला वाटलं, ती मान डोलावेल.

"जोडते, मॅडम," ती म्हणाली. "फक्त 'हा अहवाल याच नमुन्याचा आहे' असं खाली लिहावं लागतं. तिथे तुमची सही लागेल."

मी पेन उचललं. खरंच उचललं. मग खाली ठेवलं आणि म्हटलं, "उद्या सकाळी तयार राहा. रोहण्याला जाऊ."

पुलगावावरून आम्ही आर्वीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना उपटून ठेवलेल्या पऱ्हाटीचे ढीग होते. मी मनाशी हिशेब मांडत होते. एखादा ताम्रयुक्त फवारा, बुरशीचा? पण पऱ्हाटी आम्ही कच्चीच तपासली होती, तिच्यात काही नव्हतं. मग राहिली ती भट्टी. आणि भट्टीपाशी मी पहिल्या खेपेलाच काय ती उभी होते. मार्चमध्ये परीक्षा असतात, मला सुट्टी नसते. पुढच्या वर्षापासून बाबा कोळसा करून डब्यात भरून ठेवायचे आणि मी एप्रिलमध्ये आंब्याच्या पाटीसोबत तो घेऊन यायची. दरवर्षी मी निबंधात लिहायची, 'मातीच्या बंद भांड्यात'.

बाबा ओसरीत बसले होते. रूपराव ढगे, वय ब्याऐंशी, अजून रोज शेतावर चक्कर असते. भाऊ सचिन आणि वहिनी आर्वीला लग्नाला गेले होते. भिंतीवर आईची तसबीर आणि तिच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या चौकटीत वर्तमानपत्राचं कात्रण: 'रोहण्याचा कोळसा सातासमुद्रापार'. कात्रणालाही हार होता. दोन्हींचे हार एकाच दिवशी बदलतात.

"काऊन आली व माय, अशी अचानक? फोन बी नाई केला," बाबा उठत म्हणाले. "अन् हे कोन?"

"स्वरदा, माझी विद्यार्थिनी. बाबा, मले कोळशाचं भांडं पाह्यचं हाय. ते मडकं."

"कोनतं मडकं?"

"ज्यात तुमी कोळसा करता ते. मी आर्वीच्या बजारातून आनून देल्लं होतं."

"ते त पहिल्याच सालात फुटलं," बाबा म्हणाले, अगदी सहज. "दुसऱ्या भट्टीले. ठण्णकन आवाज आला अन् दोन तुकडे."

मी विचारलं, "मंग तवापासून कशात करता?"

बाबांच्या तोंडावर हसू आलं. ते मागच्या कोठ्यात गेले, जिथे जनावरांचं कुटार भरून ठेवतात, आणि दोन्ही हातांनी एक काळंकुट्ट भांडं कवळून घेऊन आले. जपून अंगणात ठेवलं. धोतराच्या सोग्याने त्याचा काठ पुसला. काळ्या राखेखालून लालसर चमक दिसली. काठाखाली पोलादी खिळ्याने ठोकून काढलेली अक्षरं होती, ठिपक्याठिपक्यांची. ती वाचायची मला गरज नव्हती. मी लहानपणी त्यांच्यावरून बोट फिरवून अक्षरं शिकले होते. 'चि. रुख्मास मामाकडून. १९६८.'

आईचा पाण्याचा गुंड. तिच्या लग्नातला, तिच्या मामाने दिलेला. ती २०१२ ला गेली, तेव्हापासून तो कुठे आहे हे मी विचारलंही नव्हतं.

"बाबा, हा तांब्याचा हाय," मी म्हटलं.

"त मंग! अस्सल तांबं. आता भेटते का असं? मातीचं मडकं तडकते, धग धरत नाई. अन् मी म्हनलं, पोरीचं एवढ्या मोठ्या कॉलेजाचं काम हाय, त्याले दोन कवडीचं मडकं शोभते का? घरात सगळ्यात चांगलं भांडं हेच होतं."

स्वरदाने खाली बसून गुंडात हात घातला. तिची बोटं काळी झाली, आणि त्या काळ्यात बारीक, चकचकीत खपल्या होत्या. तांबं तापलं की त्यावर काळा थर धरतो. काळा थर आणि काळा कोळसा, कोणाला कसं दिसणार?

"कोळसा बाहेर कसा काढता, आजोबा?" तिने विचारलं.

"सराट्यानं. आतून पुरा खरवडून काढतो, कन बी वाया जाऊ देत नाई," बाबा अभिमानाने म्हणाले. "पाय न, खरवडून खरवडून बूड किती पातळ झालं. परसाली टाका देऊन झाळून आनला."

मी खाली बसले. तिथेच, कुटार सांडलेल्या अंगणात, नव्या साडीत. अकरा वर्षं. जर्मनीतलं व्याख्यान, कडांचा सिद्धान्त, कोरियनांना दिलेलं उत्तर. अकरा वर्षं माझा बाप आईचा गुंड खरवडून मला पाठवत होता आणि मी त्याला कोळशाचा गुण म्हणत होते.

आणि मग मी जे केलं, ते मला आजही विसरता येत नाही. मी चिडले.

"बाबा, भांडं बदललं त मले सांगाचं नाई? मी काय लिवत होते लोकाईले, मातीचं भांडं, मातीचं भांडं! एवढी मोठी गोष्ट तुमी सांगतली काऊन नाई?"

बाबा गोंधळले. "सांगतलं होतं न. फोन केलता तुले."

"नाई केलता."

"केलता व. मडकं फुटलं त्याच दिवशी. देशमुखाच्या घरून केलता, आपल्याकडं तवा मोबाईल नोता. तू म्हनली…"

"बाबा, नाई केलता! एवढी गोष्ट मी विसरीन का?"

त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली, आणि ती माझ्या ओरडण्याची नव्हती. शेजारचे त्यांच्याच वयाचे भागवतराव दोन वर्षांपासून स्वतःच्या मुलांना ओळखत नाहीत, ते बाबा रोज बघतात.

"असंन," ते हळूच म्हणाले. "आता याद नाई राहत मले."

चहा न घेताच आम्ही निघालो. गुंड मी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. रस्त्यात स्वरदाला म्हटलं, "त्यांचं वय झालंय. हल्ली गोष्टी मनाने जोडतात." ती खिडकीबाहेर पाहत होती. "हो, मॅडम," म्हणाली.

सोमवारी आम्ही गुंडाच्या आतली एक खपली खरवडली. नखावर मावेल एवढी. कोळसा नाही, पऱ्हाटी नाही, काही नाही. प्रभाकररावांनी पिवळं द्रावण तयार करून ठेवलं होतं. मी खपली टाकली आणि घड्याळ लावलं. बुडबुडे आले. पाणी फिकट झालं, लिंबासारखं, मग ताकाच्या निवळीसारखं, मग काहीच नाही. चाळीस सेकंद. प्रभाकररावांना यातलं काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "वा बाई! आतापर्यंत सगळ्यात फास्ट."

मी कॉलेजच्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

त्यानंतर लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. निबंध मागे घ्यायचे, संपादकांना पत्र लिहायचं. मी संध्याकाळी पत्र लिहायला बसले. अशा पत्रात चूक काय झाली आणि ती कशी झाली, दोन्ही लिहावं लागतं. काय झाली ते चार ओळींत झालं. कशी झाली तिथे मी थोडा वेळ थांबले आणि मग इंग्रजीत एक चांगलं, गुळगुळीत वाक्य लिहिलं. मराठीत त्याचा अर्थ असा: 'नमुने बाहेरील एका पुरवठादाराने तयार केले होते, त्याने लेखिकेच्या माहितीशिवाय भांडे बदलले.'

पुरवठादार. ब्याऐंशी वर्षांच्या त्या पुरवठादाराच्या ओसरीत माझ्या कात्रणाला हार होता.

पण वाक्य खरं आहे, असं मी स्वतःला सांगितलं. शिवाय त्यात कुणाचं नाव नाही. आणि 'माहितीशिवाय' या एका शब्दाने मी बचावत होते, हेही मला कळत होतं. फसवणूक आणि चूक यांच्यात तेवढ्याच शब्दाचं अंतर असतं. चूक केलेली माणसं पुन्हा उभी राहतात.

"भांडं नक्की कोणत्या खेपेपासून बदललं, ती तारीख लागेल," मी स्वरदाला म्हटलं. "२०१३ ची वही बघ. वरच्या कपाटात, हिरव्या पुठ्ठ्याची."

ती वही ती माझ्याकडे आली त्याच्या कितीतरी आधीची होती. तिने कधी उघडली नव्हती. मीही उघडली नव्हती, मला त्यातलं एक पान पाठ होतं, २४ मार्च. प्रत्येक व्याख्यानात सांगायचे मी ते. 'त्या दिवशी वहीत मी लाल शाईने लिहिलं, दोन मिनिटं! आणि तीन रेघा मारल्या.'

स्वरदा वही घेऊन आली. उघडीच. तिने ती माझ्यासमोर ठेवली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली.

लाल शाई होती. तीन रेघा होत्या. त्याच पानावर, आठ ओळी वर, निळ्या शाईत माझं अक्षर होतं:

'१७ मार्च. बाबांचा फोन. मडकं फुटलं. आईच्या गुंडात केलं तर चालेल का विचारत होते. चालेल म्हटलं.'

मी ते वाक्य किती वेळा वाचलं, माहीत नाही. आठवायचा प्रयत्न केला. वार आठवला नाही, फोन आठवला नाही, त्यांचा आवाज आठवला नाही. वर्गात असेन, घाईत असेन, कुणी समोर बसलं असेल. चालेल. एवढंच तर म्हणायचं होतं, म्हटलं आणि वहीत लिहून मोकळी झाले, कारण वहीत सगळं लिहायची मला चांगली सवय आहे. आठवड्याने दोन मिनिटं लागली आणि त्या आनंदात वरच्या आठ ओळी माझ्यासाठी पुसल्या गेल्या. तांबं निघालं तेव्हा मला वाटलं होतं, कुणीतरी माझं काम बुडवलं.

वही बंद करून मी कपाटात ठेवली असती, तर कुणाला कळलं असतं? स्वरदाला. पण स्वरदा काही बोलली नसती. ती अजून खिडकीतच बघत होती, आणि मला कळलं की ती तशी उभी आहे ते मला हवं ते करता यावं म्हणून.

तेवढ्यात फोन वाजला. बाबांचा.

"जेवली का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, जेवले नव्हते. ते थोडा वेळ खाकरत राहिले. मग म्हणाले, "सचिनले विचारलं म्या. तो म्हने, तांबं पडलं कोळशात. तुह्या कामाचं नुकसान झालं का व?"

"झालं, बाबा."

"लय?"

"लय."

"तुह्यं नाव कटंन?"

मी वहीवर हात ठेवला.

"मंग असं कर," बाबा म्हणाले. त्यांनी हे आधीच ठरवून ठेवलं असावं, कारण एका दमात बोलले. "माह्यं नाव लिव. बुढ्यानं न सांगता भांडं बदललं म्हनाव. मले कोन विचारून राह्यलं इथं? तुले नोकरी हाय, त्या पोरीचं शिक्षन हाय. तसं बी मले याद नाई, सांगतलं का नाई ते. नसनच सांगतलं."

समोर संगणकाच्या पडद्यावर माझं गुळगुळीत वाक्य तसंच होतं. त्यांनी आत्ता जे माझ्यासाठी देऊ केलं, ते मी तासाभरापूर्वी न विचारता घेऊन टाकलं होतं. मला शरम वाटली.

"बाबा, तुमी सांगतलं होतं," मी म्हटलं. "फोन केलता तुमी. सतरा मार्चले. गुंडात करू का म्हनून विचारलं होतं, अन् मी चालंन म्हनलं. वहीत लिवलं हाय, माह्या हातानं."

"म्हंजे," बाबा म्हणाले, "मी भुललो नोतो?"

"नाई बाबा. मी भुलली होती."

"देशमुखाच्याच घरून केलता न?"

"ते नाई लिवलं. पन तिथूनच केला असंन."

"तिथूनच केलता," ते म्हणाले. "मले पक्कं याद हाय." आणि ते हसले. आदल्या दिवसापासून ते जेवले नव्हते, हे मला सचिनने नंतर सांगितलं.

फोन ठेवल्यावर मी स्वरदाला हाक मारली. तिला समोर बसवलं. म्हटलं, तुझ्या प्रबंधाचं नाव बदलेल, तोंडी परीक्षा पुढे जाईल, सहा महिने तरी. तुझी सगळी मोजमापं खरी आहेत, तेवढी राहतील, आणि तुझ्या वडिलांना मी स्वतः फोन करेन. तिने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, माझेही. त्या मुलीला मी लग्नावरून बोलले होते, त्याची माफी मागितली. प्रभाकररावांची दुसऱ्या दिवशी मागितली, सगळ्या मुलांसमोर.

मग मी 'पुरवठादार' हा शब्द पुसला. 'माहितीशिवाय' पुसला. त्या जागी लिहिलं, 'सर्व नमुने माझे वडील श्री. रूपराव ढगे, राहणार रोहणा, यांनी तयार केले. भांडे बदलल्याचे त्यांनी मला त्याच दिवशी कळवले होते. मला ही गोष्ट १७ मार्च २०१३ पासून माहीत होती.' स्वरदाने ते एकदा मोठ्याने वाचलं, आणि मी पत्र पाठवून दिलं.